ब्रेक दाबताच थरथरणारी मोटार : दोष कोणाचा?

व्यापारी मनुष्याने लेखणी हाती धरावयाची ती रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यापुरती, अशी आमच्या वडिलांची शिकवण होती आणि ती मी आजवर पाळली. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही. चाळीस वर्षे गेली ती ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांत; यंत्रशास्त्राचा तर मला गंधही नाही. असे असता स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा बाजारभाव, करपद्धती किंवा तरुण पिढी यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे आपल्या संघात पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे तो ब्रेक दाबला असता मोटार का थरथरते याविषयी. या क्षुल्लक वाटणाऱ्या दोषाने मला आठ महिने फसविले, एका प्रामाणिक माणसावर माझ्या हातून अन्याय करविला, आणि एके दिवशी घरची सारी माणसे गाडीत असताना भर घाटात उभे केले. हा दोष मोजल्यावाचून कोणी दुरुस्त करू नये आणि मोजल्यावाचून कोणाच्या माथी मारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

२०२३ सालच्या श्रावणातील गोष्ट. आमचे ड्रायव्हर हुबळीहून परत आले. वयाने ते माझ्याहून थोडेसेच धाकटे. दुकानातील सारेजण त्यांना अण्णा म्हणतात व मीही तसेच म्हणतो. किल्ली खुंटीला लावता लावता ते म्हणाले, "मालक, ऐंशीच्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय बघा. एकदा दाखवून घेऊ या."

"अण्णा, पावसाने रस्ते उखडलेत. गाडीला कशाला दोष देता?"

"हायवेला खड्डे न्हाईत की मालक."

मी विषय तेथेच सोडला. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितले, तेव्हा गाडी एका गॅरेजात धाडली. तेथे ब्रेकचे पॅड बदलून मिळाले. आठ दिवस बरे गेले आणि कंप पुन्हा सुरू झाला. मग एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी गाडी दिली. त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क "वाकल्या आहेत" असे सांगून नव्या बसविल्या, त्यांवर नवे पॅड घातले, चाकांचे बॅलन्सिंग केले व अकरा हजारांवर बिल दिले. गाडी लोण्यासारखी चालू लागली. मी समाधानाने पैसे मोजले.

फेब्रुवारीअखेर, सहा-सात हजार किलोमीटर झाल्यावर, स्टिअरिंग पूर्ववत थरथरू लागले. त्याच ठिकाणी पुन्हा गेलो असता मला सांगण्यात आले की, दोष गाडीचा नव्हे, माणसाचा आहे. तुमचे ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवितात व त्यांनी नव्या डिस्कही जाळल्या. बावीस वर्षे माझी गाडी चालविणाऱ्या माणसाच्या शब्दापेक्षा छापील बिलावर मी अधिक विश्वास ठेवला. दुकानात येऊन कारकून, हमाल आणि दोन गिऱ्हाइके यांच्यादेखत मी अण्णांना नको ते बोललो. ते "बरं मालक" एवढेच म्हणाले व बाहेर जाऊन गाडी पुसू लागले.

एप्रिलच्या मध्यास गोव्यात नात्यातील एक साखरपुडा होता. आम्ही चोर्ला घाटाने निघालो. गाडीत मी, आमच्या सौभाग्यवती, सूनबाई आणि त्यांचे सात महिन्यांचे मूल. कणकुंबी मागे पडली, चोर्ला गाव गेले, आणि उतार लागला तशी प्रत्येक वळणावर स्टिअरिंगची थरथर वाढू लागली. माझ्या मांडीवरील पितळी डबा टाळ वाजावा तसा वाजू लागला. एका रुंद वळणावर अण्णांनी गाडी बाजूस घेतली, सर्वांना उतरविले आणि आयुष्यात प्रथमच मला विरोध केला : "मालक, पाहिजे तर कामावरनं काढा. पण लेकरू घिऊन मी खाली जाणार न्हाई." आम्ही मागून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीतून दाटीवाटीने पुढे गेलो. अण्णांनी ब्रेक निवू दिले व अर्ध्या तासाने दुसऱ्या गिअरमध्ये, एकट्यानेच, गाडी हळूहळू साखळीस आणली.

साखळीत ज्या लहानशा गॅरेजात ती उभी केली, तेथील फिटर सत्तरीच्या आसपासचे असावेत. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारले, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती त्या चार प्रश्नांतच झाली. थरथर स्टिअरिंगला जाणवते की सीटला? ब्रेक सोडला की ती थांबते काय? ब्रेकच्या पॅडलमधून पायाला ठोके बसतात काय? आणि शेवटी, "मागच्या खेपेला चाक कोणी काढलेलं?"

पहिल्या प्रश्नाचा हेतू उघड आहे. स्टिअरिंग हलते तेव्हा दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. बैठक व तळ हलतो तेव्हा मागच्या. ज्या गाड्यांचा हातब्रेक ओढण्याचा असून मागच्या चाकांवर चालतो, त्यांत आणखी एक खूण मिळते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर अगदी सावकाश चाललेल्या गाडीचा हातब्रेक, त्याची कळ दाबून धरून, हलकेच ओढावा. तेव्हाही गाडी हलली तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत असे समजावे. (बटणाच्या विजेवरील हातब्रेकावर हा प्रयोग करू नये.) दुसरा प्रश्न बॅलन्सिंगचा. ब्रेक न दाबताही विशिष्ट वेगाला गाडी थरथरत असेल, तर ती चाकाच्या वजनाची किंवा टायरची तक्रार होय; ब्रेकच्या डिस्क बदलून ती जावयाची नाही. त्याचप्रमाणे केवळ ब्रेक दाबल्यावर येणारा कंप बॅलन्सिंगने जावयाचा नाही. माझे त्या कामाचे पैसे फुकट गेले, हे मला साखळीत कळले.

तिसऱ्या प्रश्नासंबंधी एक खुलासा अवश्य आहे. ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर जोराने ब्रेक दाबला असता पॅडलखाली खडखड ठोके बसतात, ते एबीएस या योजनेचे. चाक जखडून गाडी घसरू नये म्हणून ती ब्रेकचा दाब घटकेत सोडते व घटकेत धरते. २०१९ नंतर आपल्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. तो दोष नव्हे, आणि त्या वेळी घाबरून पाय उचलणे धोक्याचे आहे. परंतु कोरड्या रस्त्यावर साधा, हलका ब्रेक दाबतानाही ठोके येत असतील, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी उरलेली नाही असे मानण्यास जागा आहे.

आता मूळ मर्म. आपल्या लहान मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे पावणेदोन ते दोन मीटर अंतर तोडते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदात बाराच्या आसपास फेरे घेते. डिस्कवर एकच जागा किंचित जाड असली तरी पॅडला सेकंदात बारा वेळा धक्का बसतो, तो स्टिअरिंगवाटे हातात येतो. ही जाडी किती असावी? मी समजत होतो की डिस्क पापडासारखी वाकडी झालेली डोळ्यांना दिसत असेल. वस्तुतः एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यांतील दोन भागांचा फरकही हातास जाणवू शकतो. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो! असा फरक डोळ्यांनी पाहून कोणी "डिस्क वाकली" असे सांगू लागला, तर त्याने पोत्याकडे नुसते पाहून आतील धान्याची आर्द्रता सांगितली असे समजावे.

फिटरने चाक उतरविले, नट पुन्हा बसवून डिस्क हबवर घट्ट केली, घड्याळासारखी तबकडी असलेला डायल गेज लोहचुंबकी स्टँडवर लावला व डिस्क हाताने सावकाश फिरविली. काटा पुढेमागे हलू लागला. डिस्क फिरताना आतबाहेर डुलत होती. कारागीर याला 'आउट' म्हणतात. आमची डिस्क मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी चौदा भाग आउट होती. त्यांच्या मते हा आकडा पाचाच्या आत असावा. गाडीगणिक मर्यादा थोडी बदलते, ती गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात पाहावी. मग त्यांनी डिस्क काढली आणि हबच्या तोंडावर बोट फिरवून मला दाखविले. गंजाचे पातळ पापुद्रे तेथे तसेच होते. आपल्याकडील पावसात हब गंजतो यात नवल नाही. नवल हे की, अकरा हजारांच्या नव्या डिस्क त्या गंजावरच दडपून बसविल्या होत्या. तारेच्या ब्रशाने हब चकचकीत केल्यावर तीच डिस्क पुन्हा लावली, तेव्हा काटा चार भागांवर आला.

येथे वाचकांना शंका येईल, तशी मलाही आली : गंज पहिल्या दिवसापासून होता, तर सहा महिने गाडी नीट कशी चालली? याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले. ब्रेक सोडलेला असतानाही पॅड डिस्कच्या अगदी निकट असतात. तिरप्या बसलेल्या डिस्कचा एक भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला ओझरता स्पर्श करून जातो. एका फेऱ्याने काहीच होत नाही. परंतु सहा-सात हजार किलोमीटरांत असे लक्षावधी फेरे होतात, तेवढी जागा झिजते, आणि जाडी असमान झाली की कंप सुरू होतो. चुकीचे काम करणारा हात आणि प्रकट झालेला दोष यांमध्ये असे सहा महिन्यांचे अंतर पडते. मग चुकीचे खापर त्या सहा महिन्यांत गाडी जो चालवितो त्याच्या डोक्यावर फुटते.

चौथ्या प्रश्नाचे कारण हेच. डिस्क केवळ गंजानेच डुलते असे नाही. पंक्चरवाल्याकडे हवेच्या बंदुकीने एक नट मर्यादेबाहेर आवळला व दुसरा सैल राहिला, तरीही तोच परिणाम होतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन हप्त्यांत, आणि शेवटी टॉर्क दाखविणाऱ्या पान्याने आवळावयाचे असतात. लहान मोटारींचा आकडा साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत छापलेला आहे. ती पुस्तिका आपण गाडी घेतल्या दिवशी कुंकू लावून कप्प्यात ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही!

ब्रेकवर पाय ठेवून चालविल्याच्या आरोपाचाही निकाल तेथेच लागला. फिटरने पॅड माझ्या हातात दिले. दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजलेले व अर्ध्याहून अधिक शिल्लक होते. डिस्कवर जळाल्याचा निळा रंग कोठेही नव्हता. पाय ठेवून चालविणाऱ्याचे पॅड इतके टिकत नाहीत. "ह्या माणसाचा पाय चांगला आहे," असे ते म्हणाले. अण्णा जवळच उभे होते. मी खाली पाहिले.

डिस्कची जाडी मोजून झाली. नवी असताना २२ मिलिमीटर, किमान मर्यादा २०, आणि आमची २१.६. ही मर्यादा बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. म्हणजे नवी घेण्याचे कारण नव्हते. शेजारच्या लेथवर दोन्ही डिस्क हलक्या हाताने घासून समान केल्या, पॅडचे तोंड पॉलिश कागदाने खरवडले, आणि एकूण खर्च अठराशे रुपये झाला. डिस्क घासावयाची किंवा बदलावयाची ती एका धुरीवरील दोन्ही चाकांची, एकाची नव्हे. नंतर निर्मनुष्य रस्त्यावर साठांवरून पंधरापर्यंत वेग आठ-दहा वेळा सावकाश उतरवावा, गाडी पूर्ण थांबवू नये, व शेवटी ब्रेक निवेपर्यंत चालवीत राहावे. असे केल्याने पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

या थरासंबंधी माझ्या पुतण्याने नंतर एक माहिती वाचून दाखविली. कॅरॉल स्मिथ नावाचे शर्यतीच्या मोटारींचे एक ख्यातनाम अमेरिकन जाणकार होऊन गेले. त्यांचे मत असे की, लोक ज्यांना वाकलेल्या डिस्क म्हणतात त्या बहुधा वाकलेल्या नसतातच; तापलेल्या डिस्कवर पॅडचा पदार्थ कोठे अधिक, कोठे कमी चिकटतो व जाडी बिघडते. आमच्या गाडीचा रोग झिजेचा होता, हा चिकटण्याचा. लक्षण मात्र एकच. घाटाने जाणाऱ्या आपल्या सभासदांनी हा दुसरा प्रकार विशेषेकरून ध्यानात ठेवावा. दीड हजार किलोंची भरलेली गाडी सातशे मीटर खाली उतरते, तेव्हा तिचे सारे ओझे ब्रेकनेच पेलले असे धरल्यास पस्तीस लिटर पाणी उकळीला येईल इतकी उष्णता निर्माण होते. हिशेब मी शाळेतल्या गणिताने केला असून पुतण्याकडून तपासून घेतला आहे. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये उतरावा व उष्णतेचा वाटा इंजिनास उचलू द्यावा. घाट संपताच चहासाठी गाडी थांबवून ब्रेक दाबून धरू नये; पॅडचा छाप तापलेल्या डिस्कवर उमटतो. दोन-तीन किलोमीटर सपाटीवर चालवून मग थांबावे. तापल्या चाकांवर पाण्याची नळी तर मुळीच सोडू नये.

इतर कारणे आहेत, ती थोडक्यात सांगतो. गाडी एका बाजूस ओढते व एकच चाक अतिशय तापते, तर त्या चाकाचा कॅलिपर अडकत असण्याचा संभव असतो. स्टिअरिंगचे सांधे व खालचे रबरी बुश सैल असतील तर लहानसा कंपही मोठा होऊन हातात येतो. ते आधी पाहावे. आणि घाटात कंपाऐवजी पॅडल मऊ पडून खोल जाऊ लागले, तर तो निराळा व अधिक घोर प्रसंग होय. ब्रेकचे तेल धान्याप्रमाणेच हवेतील ओलावा शोषते, ओलावलेले तेल तापून उकळते व ब्रेक लागतच नाहीत. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. आपल्याकडील पावसाळे पाहता यात उधारी नको.

मोटारीपेक्षा मला चिंता आहे ती आपल्या मालवाहू गाड्यांची. बेळगावचे धान्य व भाजीपाला नित्य घाट उतरून गोव्यात जातो. आपण पोते तोलतो, कडता धरतो, वानगी पारखून घेतो. परंतु गाडीवर तिच्या शक्तीपेक्षा किती पोती चढविली हे तोलीत नाही. दीडपट भार म्हणजे उतारावर ब्रेकला दीडपट उष्णता. वर "दोन तासांत म्हापसा गाठ" अशी ताकीद. गाडी थरथरते असे ड्रायव्हर सांगतो तेव्हा हंगाम संपेपर्यंत थांब म्हणणारे मालक आपल्यात कमी नाहीत. मी स्वतः त्यांतलाच होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. काही बंधू म्हणतील की, ड्रायव्हरच्या प्रत्येक तक्रारीवर गाडी उभी केली तर धंदा बसेल. तक्रारीवर गाडी उभी करा असे मी म्हणत नाही; तक्रार लिहून घ्या व अर्धा तास मोजमाप करा, असे म्हणतो. अर्ध्या तासाने एकही पेढी आजवर बुडालेली नाही.

यास्तव कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. संघाने स्टँडसह एक डायल गेज, जाडी मोजण्याचा एक मायक्रोमीटर आणि एक टॉर्क पाना विकत घेऊन कार्यालयात ठेवावा. साऱ्याचा खर्च एका जोड डिस्कच्या बिलाहून फारसा अधिक होणार नाही. सभासदांच्या ड्रायव्हरांना तो वापरण्यास एखाद्या जाणत्या फिटरकडून शिकवावे. गॅरेजवाल्यानेही हब साफ करून, काट्याचा आकडा बिलावर लिहून द्यावा, असा आग्रह आपण एकमुखाने धरला तर तो मोडणे कोणासही परवडणार नाही.

राहिली अण्णांची गोष्ट. चारचौघांत बोललेले शब्द चारचौघांतच परत घ्यावयास हवे होते. त्यास मला सात महिने लागले. २०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, तेच कारकून व तेच हमाल जमले असता मी अण्णांची क्षमा मागितली. "ऱ्हाऊ दे की मालक," असे म्हणून ते पेढ्यांचे ताट घेऊन पुढे सरकले. त्याच दिवसापासून दुकानात गाड्यांच्या तक्रारींची एक निराळी वही घातली आहे. तिच्यातील पहिली नोंद अण्णांच्या अक्षरात आहे : छोटा टेम्पो, मागचे डावे चाक, आवाज येतो. दुसऱ्या दिवशी चाक उतरविले. बेअरिंग गेले होते.